जोडाची जागा

डिजिटल स्क्रॅपबुक म्हणजे संगणकावर रचलेली आठवणींची वही. तिच्या पानाचे रूढ माप कागदी स्क्रॅपबुकातूनच आले आहे : १२ इंच रुंद, १२ इंच उंच. छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल धरले, की पान ३६०० गुणिले ३६०० पिक्सेलचे होते. या पानावर फोटो, मजकूर आणि सजावट बसण्यापूर्वी जो पट अंथरला जातो, त्याला ही कला जोपासणारे 'पेपर' म्हणतात. पेपर बहुधा नक्षीचा असतो आणि ती नक्षी बहुधा एका लहान तुकड्याची पुनरावृत्ती असते. तो तुकडा कसा सिद्ध करावा, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

प्रथम चार संज्ञा निश्चित करू. (१) मूलाकृती : नक्षीतील स्वतंत्रपणे ओळखू येणारी आकृती, साडीच्या भाषेत बुट्टा. (२) टाइल : ज्या आयताची केवळ आडवी-उभी सरक करून संपूर्ण नक्षी भरता येते तो आयत. (३) जाळी : नक्षीतील एकाच स्थानाच्या सर्व आवृत्ती दाखवणाऱ्या बिंदूंचा समूह. (४) जोड : दोन टाइलींच्या सीमेमुळे किंवा टाइलच्या पुनरावृत्तीमुळे डोळ्याला जाणवणारा खंड. चौथ्या व्याख्येतील 'जाणवणारा' हे पद महत्त्वाचे आहे. सीमा नेहमीच असते. जोड असेलच असे नाही. अखंड नक्षी म्हणजे सीमा नसलेली नक्षी नव्हे, तर जिच्यात सीमा सापडत नाही ती.

आता प्रकार. मराठी वाचकाला हे वर्गीकरण नव्याने शिकवण्याची गरज नाही, कारण साडीने ते केलेलेच आहे. काठाची नक्षी एकाच दिशेने पुनरावृत्त होते. अंगावरचे बुट्टे दोन दिशांनी होतात. पदर ही बहुधा एकदाच येणारी रचना असते. स्क्रॅपबुकाच्या पानातही हेच तीन घटक असतात : पेपर म्हणजे अंग, कडेला लावायची फीत म्हणजे काठ आणि फोटोंची मांडणी म्हणजे पदर. नवशिक्याची पहिली चूक अंगाला पदरासारखे सजवण्याची असते. त्यातून पेपर फोटोशी स्पर्धा करू लागतो, आणि हा दोष पुढच्या कोणत्याही तांत्रिक कौशल्याने भरून निघत नाही.

काठ आणि अंग यांतील सममितीचे प्रकार गणिताने मोजले आहेत. काठाचे ७, अंगाचे १७. अठरावा संभवत नाही. अंगाच्या १७ प्रकारांची सिद्धता येव्ग्राफ फ्योदोरोव यांनी १८९१ मध्ये दिली आणि १९२४ मध्ये जॉर्ज पोल्या यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा मांडली. इंकस्केप या मुक्त प्रणालीत टाइलच्या आवृत्ती रचण्याच्या दालनात हे सतराही प्रकार निवडीसाठी दिलेले आहेत. बहुतेक वापरणारे त्यांतील पहिल्या, म्हणजे केवळ सरकीच्या प्रकारापलीकडे जात नाहीत. याच गणनेचा एक उपसिद्धांत व्यवहारात उपयोगी पडतो. आवर्ती नक्षीला अर्धा, तृतीयांश, चतुर्थांश किंवा षष्ठांश फेरा दिल्यास ती स्वतःशी जुळू शकते. पंचमांश फेऱ्याने कधीच नाही. जास्वंदीचे पाच पाकळ्यांचे फूल मूलाकृती म्हणून खुशाल घ्यावे, पण त्याची पंचकोनी सममिती संपूर्ण पटाला मिळावी म्हणून धडपडू नये.

जाळीचे भेद ठिपक्यांच्या रांगोळीत दिसतात. समोरासमोर ठिपके मांडले की चौकोनी जाळी होते. पुढच्या ओळीचे ठिपके मागच्या ओळीतील दोन ठिपक्यांच्या मध्ये मांडले की षट्कोनी. '१५ ते ८' या रांगोळीत मधली ओळ १५ ठिपक्यांची असते आणि दोन्ही बाजूंना एकेक ठिपका कमी होत ओळ ८ वर थांबते. एकूण ठिपके १६९, बाह्याकृती नियमित षट्कोन. संगणकात अडचण येते ती इथे. प्रणालीला टाइल म्हणून आयतच लागतो, आणि षट्कोनी जाळीचा लहानात लहान आयत घेतला तर त्याच्या बाजूंचे प्रमाण १ : √३ येते. √३ अपरिमेय आहे. पिक्सेल मात्र पूर्णांकांतच मोजले जातात. म्हणून कोणती तरी तडजोड अटळ ठरते. ४ : ७ या प्रमाणात चूक सुमारे १ टक्का, १५ : २६ मध्ये ०.१ टक्क्याहूनही कमी. म्हणजे ४५० गुणिले ७८० पिक्सेलची टाइल डोळ्याला नियमित षट्कोनीच भासते.

टाइलच्या मापाचा दुसरा निकष पान देते. ३६०० या संख्येचे ४५ विभाजक आहेत. ३००, ४५०, ६००, ७२०, ९००, १२०० यांपैकी कोणतेही माप घेतले तर पान पूर्ण टाइलींनी भरते. वरील ७८० त्यात बसत नाही. याचे दुःख करू नये. पान कडेला कापले जातेच. टाइल टाइलशी जुळणे आवश्यक आहे. पानाच्या कडेशी जुळणे ही केवळ सोय आहे.

आता मुख्य क्रिया. फोटोशॉपमध्ये तिला ऑफसेट फिल्टर म्हणतात. गिम्पमध्ये याच नावाची आज्ञा लेयरच्या रूपांतरांत मिळते आणि अर्ध्या रुंदी-उंचीने सरकवण्यासाठी तिथे वेगळे बटण आहे. दोन्हींत कडेबाहेर गेलेला भाग समोरच्या कडेने आत यावा, हा पर्याय निवडलेला असला पाहिजे. क्रियेचे स्वरूप असे. टाइलची डावी कड उजव्या कडेला चिकटवली की नळी होते. नळीची दोन तोंडे एकमेकांना चिकटवली की कडे होते. बंगळूरच्या वाचकाने बांगडीऐवजी मेदूवडा डोळ्यांसमोर आणला तरी चालेल; भूमितीच्या दृष्टीने पृष्ठभाग एकच. या पृष्ठभागावर कड नसते. ऑफसेट म्हणजे वडा तसाच ठेवून सुरी दुसऱ्या ठिकाणी चालवणे.

सिद्धता थोडक्यात अशी. टाइलची रुंदी 'र' पिक्सेल, ही संख्या सम, आणि स्तंभांना ० ते र−१ असे क्रमांक. अर्ध्या रुंदीने सरकवल्यावर जुना शेवटचा स्तंभ आणि जुना पहिला स्तंभ मध्यभागी शेजारी येतात; जोड उघडा पडतो. त्याच वेळी नव्या दोन कडांवर जे स्तंभ येतात ते मूळ चित्रात मध्यभागी एकमेकांना लागून होते, म्हणून नवी सीमा आपोआप अखंड असते. उंचीबाबतही तेच. परिणामी टाइलच्या मध्यावर जोडाची फुली दिसते. क्लोन स्टॅम्प किंवा हीलिंग ब्रश यांनी ती बुजवली की काम संपले, असे समजण्याचा प्रघात आहे.

ते संपत नाही. फुलीचे चार हात टाइलच्या चार कडांपर्यंत पोचतात. उभा हात बुजवताना कुंचला वरच्या आणि खालच्या कडेच्या मध्याला स्पर्श करतो आणि जी कड नुकतीच अखंड झाली होती ती तेवढ्या जागी पुन्हा तुटते. टाइल भरून पाहिल्यावर ठरावीक अंतराने नखाएवढी खाच दिसते आणि करणाऱ्याला तिचे कारण समजत नाही. उपाय असा : हात बुजवताना कडेपासून पंचवीस-तीस पिक्सेल आधी थांबावे; नंतर रुंदीच्या व उंचीच्या चतुर्थांशाने दुसरा ऑफसेट द्यावा. अर्ध्याने दिला तर टाइल मूळ स्थितीत परत येते आणि चारही टोके पुन्हा कडांवरच राहतात. चतुर्थांशाने ती टाइलच्या पोटात येतात आणि निर्धोकपणे बुजवता येतात. क्रिटा या प्रणालीत टाइल सर्व बाजूंनी पुनरावृत्त दिसत असतानाच तिच्यावर रंगवता येते; कीबोर्डवरील डब्ल्यू दाबले की ती अवस्था सुरू होते. कुंचला उजव्या कडेबाहेर गेला की डावीकडून आत येतो, म्हणून तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. फोटोशॉपमध्ये अशी सोय २०२० पासून आहे. हाताने नक्षी काढणाऱ्याने याच मार्गाने जावे. छायाचित्रावरून टाइल करणाऱ्याला मात्र ऑफसेटचा अभ्यास टळत नाही.

इथपर्यंतच्या विवेचनात जोड एकविध मानला होता. वस्तुतः तो चार स्तरांवर असतो आणि एका स्तरावर मिटला की पुढच्यावर प्रकट होतो.

पहिला स्तर रेषेचा : वेल सीमेवर तुटते. हा ऑफसेटने मिटतो.

दुसरा छटेचा. रेषा जुळते, पण तिच्या दोन बाजूंच्या रंगांत सूक्ष्म पायरी राहते. तिचे कारण बहुधा नंतर लावलेले फिल्टर असतात. धूसर करणारा फिल्टर प्रत्येक पिक्सेलची किंमत शेजाऱ्यांवरून काढतो; कडेच्या पिक्सेलला एका बाजूचे शेजारी नसतात, म्हणून प्रणाली ते कल्पनेने भरते. दोन कडांवरच्या कल्पना एकमेकींशी जुळत नाहीत. तीक्ष्णता वाढवणे, सावली टाकणे, आकार बदलणे या सर्वांना हा नियम लागू आहे. म्हणून अशी कोणतीही क्रिया एकट्या टाइलवर करू नये. टाइल तीन ओळी, तीन स्तंभ अशी नऊ वेळा मांडावी, क्रिया सबंध पटावर करावी आणि मधली टाइल कापून घ्यावी. तिला चारही बाजूंनी खरे शेजारी मिळालेले असतात. साठवण्याच्या रूपालाही इथेच स्थान आहे. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकाचे स्वतंत्रपणे संक्षेपण करते, त्यामुळे समोरासमोरच्या कडा वेगवेगळ्या प्रमाणात बिघडतात. टाइल पीएनजीत ठेवावी; पूर्ण झालेले पान जेपेगमध्ये ठेवायला हरकत नाही.

तिसरा स्तर प्रकाशाचा. खिडकीजवळ ठेवून फोटो काढलेल्या कापडाची एक बाजू उजळ आणि दुसरी मंद असते. एकेका पिक्सेलमधला हा फरक नगण्य असतो, म्हणून टाइल एकटी पाहताना तो कळत नाही. पट भरल्यावर मात्र उजळ-मंद असे पट्टे उमटतात. यावर कुंचला निरुपयोगी आहे. चित्राची खूप धूसर केलेली प्रत काढावी. तीत नक्षी विरून फक्त प्रकाश उरतो. मूळ चित्राला तिने भागावे आणि सरासरी उजळपणाने गुणावे. फोटोशॉप व गिम्प या दोहोंतही लेयरची भागाकार-पद्धत याच कामाची आहे. हे ऑफसेटच्या आधी करावयाचे आहे, कारण एकदा फुली बुजवली की प्रकाशातली पायरी रंगकामात मिसळून जाते आणि वेगळी काढता येत नाही.

चौथ्या स्तराकडे जाण्यापूर्वी एक उदाहरण पूर्ण पाहू. बंगळूरच्या मराठी घरात स्क्रॅपबुकासाठी सर्वांत हाताशी असलेला नमुना म्हणजे खण : बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा, आजीच्या चोळीचा किंवा ओटीत आलेला. बारीक नक्षीच्या उभ्या ओळी हे त्याचे लक्षण. तो फोटोपेक्षा स्कॅनरवर घेणे श्रेयस्कर, कारण तिथे प्रकाश सम असतो आणि तिसऱ्या स्तराचा प्रश्न बराचसा सुटतो. कापड इस्त्री करून, ताणा काचेच्या कडेला समांतर राहील असे ठेवावे. तरीही ताणा आणि बाणा क्वचितच काटकोनात येतात. हा तिरकसपणा प्रथम दूर करावा.

नंतर आवर्तनाचे माप. एकच बुट्टी मोजू नये. समजा, दर इंचाला ६०० पिक्सेलच्या स्कॅनवर २० आडव्या आवृत्ती मिळून ४१९० पिक्सेल भरल्या. एक आवर्तन २०९.५ पिक्सेलचे झाले. एकच बुट्टी मोजणारा २०९ किंवा २१० घेतो आणि दर टाइलला अर्धा पिक्सेल चुकतो. चार आवृत्तींची टाइल घेतली तर रुंदी बरोबर ८३८ येते, पूर्णांक. उभ्या दिशेने समजा ७६२ आली. पानासाठी रुंदी ६०० केली, तर त्याच प्रमाणात उंची ५४५.५८ होते. ती ५४६ करावी. त्यातले विरूपण ०.१ टक्क्याच्या आत आहे. ६०० व्हावी म्हणून ताणू नये, कारण दहा टक्के उंचावलेली बुट्टी खणाची चोळी घालणाऱ्या बाईच्या नजरेतून सुटत नाही. पडद्यावर पान लहान करून पाहताना धाग्यांवर लाटांसारखी छाया दिसली तर तीही दुरुस्त करू नये. ती धाग्यांची दाटी आणि पडद्याचे पिक्सेल यांच्या विसंवादातून येते, टाइलमध्ये ती नसते. अशा छायेबाबतचा निर्णय नेहमी १०० टक्के आकारावर करावा.

आता हातमागाचा धर्म आड येतो. फणीचा ठोका प्रत्येक वेळी सारखा बसत नाही, म्हणून कोणत्याही दोन आवृत्ती काटेकोर समान नसतात. टाइलचे वरचे व खालचे टोक ठरवताना आठ-दहा आवृत्तींतून परस्परांना सर्वाधिक मिळणाऱ्या दोन शोधाव्या लागतात. या शोधाला लागणारा अर्धा तास पुढचे दोन तास वाचवतो. आणि ताण्यात एखादी गाठ असेल तर? कापडावर ती एकदाच आहे. टाइलमध्ये आली की पानावर सुमारे ४० ठिकाणी, अचूक समान अंतरावर उमटेल.

हाच चौथा स्तर, आवर्तनाचा जोड. रेषा जुळली, छटा जुळली, प्रकाश सम झाला. तरी डोळा गाठीवरून गाठीवर उडी मारत टाइलचे माप शोधून काढतो. सीमा अदृश्य असूनही चौकट कळते. बारकाईने पाहता आधीच्या तीन स्तरांवरही जोड नष्ट झालेला नव्हता. कडेवरून तो मध्यावर आला, मध्यावरून रंगकामात शिरला, तिथून प्रकाशात, आणि आता संपूर्ण टाइलच्या एकरूपतेत. प्रणाली जोड हलवते. तो कुठे नेऊन ठेवायचा, हे करणाऱ्याने ठरवायचे असते.

बंगळूरमध्ये या प्रश्नाचा जुना जाणकार समाज आहे. १६३८ नंतर शहाजी भोसले यांची जहागीर असलेल्या या शहरात मराठीच्या वळणाची बोली घरात बोलणारी भावसार क्षत्रियांची कुटुंबे आहेत. कापड रंगवणे आणि छापणे हा त्यांचा पूर्वापार व्यवसाय, पुढे शिवणकामही. रंगाऱ्याचा लाकडी ठसा म्हणजे टाइलच. त्याच्या डाव्या कडेला तुटलेली वेल उजव्या कडेच्या वेलीशी जुळेल अशी कोरावी लागते. म्हणजे पहिल्या स्तराचे शास्त्र ठसा कोरणाऱ्याला अवगत होते. छापताना मात्र जोड कधी केसभर सरके, कधी रंग दोनदा बसे. सीमा लपत नसे. पण हाताचा दाब आणि ठशाला लागलेला रंग दर खेपेस निराळा, त्यामुळे कोणतेही दोन छाप एकरूप नसत आणि चौथ्या स्तराचा जोड मुळात उत्पन्नच होत नसे. संगणकाने सीमेवरचा दोष घालवला आणि एकरूपतेचा दोष आणला. या अदलाबदलीत कोणाचा लाभ झाला, याचे सरसकट उत्तर देता येत नाही. खणाच्या नक्षीसाठी रंगाऱ्याची बाजू मला अधिक सबळ वाटते.

चौथ्या स्तरावरचे उपाय तीन. पहिला निवडीचा : जे वैशिष्ट्य टाइलमध्ये एकदाच येते ते काढावे, जे सर्वत्र विखुरलेले आहे ते ठेवावे. गाठ काढावी, धाग्याचा जाड-बारीकपणा ठेवावा. दोन्ही काढले तर कापडाचे प्लॅस्टिक होते, आणि तयार मिळणाऱ्या कितीतरी पेपरांचे तसे झालेले दिसते. दुसरा मापाचा : टाइल एका आवृत्तीची न घेता चार, सहा, नऊ आवृत्तींची घ्यावी. वर ८३८ ची निवड पूर्णांकासाठी केली होती. तिचा हाही लाभ आहे.

तिसरा रचनेचा. बुट्ट्यांची दर दुसरी उभी ओळ अर्ध्या उंचीने खाली सरकवली, की डोळ्याला आडव्या सरळ रांगा सापडत नाहीत. प्रणाली सरळ जाळीतच टाइल भरत असल्यामुळे अशा नक्षीची टाइल दुप्पट रुंदीची करावी लागते : डाव्या अर्ध्यात मूळ, उजव्यात सरकवलेली प्रत. विखुरलेल्या बुट्ट्यांसाठी याहून चांगला उपाय विणकराच्या साटिनात मिळतो. टाइलचे पाच स्तंभ, पाच ओळी पाडाव्या. पहिल्या ओळीतील बुट्टा पहिल्या घरात, दुसऱ्या ओळीतील तिसऱ्यात, मग पाचव्यात, दुसऱ्यात, चौथ्यात : दर ओळीला दोन घरांची उडी. प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात एकच बुट्टा येतो, सलग कर्णावर रांग धरत नाही, आणि विखुरणे स्वाभाविक वाटूनही हिशेब काटेकोर राहतो. उडी एका घराची घेतली तर तिरकी रेघ उमटते. तो साटिन नव्हे, ट्विल. पाच बुट्ट्यांना थोडी वेगवेगळी वळणे दिली तर रंगाऱ्याच्या हाताचा काही अंश परत येतो. टाइलच्या कडेवर पडणारा बुट्टा समोरच्या कडेवरही, अचूक एका टाइलच्या अंतराने, ठेवावा, आणि सावली दोन्हींना एकदम द्यावी. एकाला आधी देऊन नंतर प्रत काढली तर ती कडेपाशी कापली जाते.

परीक्षेसाठी टाइलने पूर्ण पान भरावे आणि ते इतके लहान करावे की मूलाकृती ओळखू येईनाशी होईल. त्या अवस्थेत दिसणारी प्रत्येक रेघ, पट्टा वा ठिपक्यांची रांग हा जोड होय, आणि तो कोणत्या स्तराचा हे वरील क्रमाने ठरवता येते. धाग्यांच्या लाटा तेवढ्या यातून वगळाव्या.

उरला समोरासमोरच्या दोन पानांचा प्रश्न. भरणी बहुधा पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होते. ६०० ची टाइल ३६०० मध्ये पूर्ण सहा वेळा बसते, म्हणून डाव्या पानाची नक्षी जिथे संपते तिथून उजव्या पानाची आपोआप सुरू होते. टाइल १०४० ची असेल तर तीन पूर्ण टाइलींनंतर ४८० पिक्सेल उरतात. उजव्या पानाची भरणी डावीकडे ४८० पिक्सेलने सरकवून सुरू करावी लागते. वही छापून बांधताना दोन्ही पानांची काही मिलिमीटर पट्टी शिवणीत जाते. ती किती, हे छपाईवाल्याला आधी विचारावे आणि दोन्ही पानांच्या आतल्या कडेला तेवढी नक्षी जास्तीची भरून ठेवावी.